दम धरणं आणि दम सोडणं: कबड्डीतून पळण्याकडे

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेले 'म्हणजे', 'काय म्हणतात ते' वगैरे थोडे कमी केलेत, बाकी बरंचसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग पळण्याबद्दल आहे. पण मी काही धावपटू नाही, हे आधीच सांगतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, वय २८, दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत. त्याआधी शाळेपासून बीटेकच्या शेवटच्या वर्षापर्यंत मी कबड्डी खेळलो. चढाईपटू होतो. विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धेपर्यंत गेलो. मग कॅम्पसमधून नोकरी लागली, पुण्याला आलो आणि कबड्डी सुटली. भांडून सुटली नाही, दुखापतीनं सुटली नाही. नुसतीच सुटली. बऱ्याच जणांची अशीच सुटते.

आज सांगायचंय ते असं, की एका खेळात मुरलेलं शरीर दुसऱ्या खेळात गेल्यावर कुठे उपयोगी पडतं आणि कुठे फसवतं. ही फसगत मी स्वतःपुरती ठेवली असती तर हा भाग केला नसता. माझ्या अर्धवट ज्ञानाचा फटका माझ्या धाकट्या चुलतभावाला बसला. त्याला विचारून, तो 'सांग की दादा, त्यात काय' म्हणाल्यावरच हे सांगतोय.

दिवाळीतले सोळाशे मीटर

आमचं गाव सांगली जिल्ह्यात. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला गेलो होतो. चुलतभाऊ तेव्हा एकवीसचा, पोलीस भरतीची तयारी करत होता. आमच्याकडे प्रत्येक गावात अशी दहा-पंधरा पोरं असतात, पहाटे पाचला रस्त्यावर पळताना दिसतात. शिपाई पदाची शारीरिक चाचणी ५० गुणांची. पुरुषांसाठी त्यात १६०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. म्हणजे सगळ्यात जास्त गुण सोळाशेला.

पाडव्याच्या सकाळी तो म्हणाला, "दादा, चल की, एक सोळाशे मारू."

मला वाटलं, त्यात काय अवघड? सहा वर्षं खेळलो नव्हतो, वजन ७४ वरून ८७ झालं होतं, हे मला माहीत होतं. पण डोक्यात मी अजून तोच होतो. शाळेच्या मैदानाला साधारण २०० मीटरचा फेरा आहे, म्हणजे आठ फेऱ्या. पहिली फेरी मी त्याच्या पुढे होतो. दुसऱ्या फेरीत मांड्या जड झाल्या. तिसऱ्या फेरीत छातीत कोणीतरी बसल्यासारखं झालं. चौथ्या फेरीच्या मध्यावर मी थांबलो, गुडघ्यावर हात टेकले आणि तिथेच कडेला उलटी केली. तो पुढच्या फेऱ्या पूर्ण करत होता आणि दर वेळी जवळून जाताना 'बस दादा, बस' म्हणत होता.

तेव्हा मी स्वतःला काय समजावलं? की सवय गेलीय, दुसरं काही नाही. आठवडाभरात परत येईल. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याच दिवशी संध्याकाळी मी त्याला तयारीचा कार्यक्रम आखून दिला. कारण मी खेळाडू ना! आमच्या सरांनी आम्हाला जसं पळवलं होतं तसाच: रोज सोळाशे, पूर्ण ताकदीनं, घड्याळ लावून. वर दोरीवरच्या उड्या. रविवारी सुट्टी नाही.

कबड्डीपटूला पळता का येत नाही?

हा प्रश्न मला नंतर पडला, आधी पडायला हवा होता. याचं उत्तर शरीर ऊर्जा कशी तयार करतं त्यात आहे.

स्नायूला काम करायला एटीपी नावाचं इंधन लागतं. ते शरीर तीन वाटांनी बनवतं. पहिली वाट सगळ्यात झटपट: स्नायूत साठवलेल्या क्रिएटिन फॉस्फेटपासून. ही जोरदार चालते, पण साधारण दहा सेकंदांत आटत येते. दुसरी वाट साखर अर्धवट मोडून, ऑक्सिजनशिवाय. ही मिनिट-दीड मिनिट जोर देते, पण मांड्यांत ती आग पेटते ना, ती याच काळातली. तिसरी वाट ऑक्सिजन वापरून साखर आणि चरबी पूर्ण जाळण्याची. ही सुरू व्हायला संथ, पण तासन्‌तास चालते. तिन्ही वाटा कायम चालूच असतात. कोणत्या वेळी कोणतीचा वाटा मोठा, एवढाच फरक.

आता चढाई बघा. कमाल ३० सेकंद. मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर, तिच्या पुढे एक मीटरवर बोनस रेषा. आपल्याला जी जागा मिळते ती शेवटच्या रेषेपर्यंत साडेसहा मीटर. त्यात हूल द्यायची, पाय घालायचा, हात मारायचा आणि उलटं फिरून उडी. हे सगळं पहिल्या दोन वाटांचं काम. मग परत येऊन आपण बचावात उभे राहतो, श्वास जागेवर येतो. सामना ४० मिनिटांचा असतो खरा, पण सलग पाच मिनिटं पळण्याची वेळ त्यात कुणावरच येत नाही.

आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगतो. एखादा सर्व्हर क्षणभराचा ट्रॅफिकचा लोंढा मस्त झेलतो, कारण त्याच्याकडे बफर मोठा आहे. पण तोच लोंढा अर्धा तास चालू ठेवला की तो कोसळतो. सर्व्हर खराब नसतो. तो त्या कामासाठी बांधलेलाच नसतो.

आणि सोळाशे मीटर हे कोणतं काम आहे? मला वाटायचं, पाच-सहा मिनिटांचा खेळ, म्हणजे निव्वळ जिगर. पण एवढ्या वेळाच्या धावण्यात सुमारे चार-पंचमांश ऊर्जा तिसऱ्या, म्हणजे ऑक्सिजनच्या वाटेनं येते. जी वाट मी कधी बांधलीच नव्हती. आणि जी काही होती तीही गेलेली, कारण सराव थांबला की ही क्षमता दोन-चार आठवड्यांतच उतरायला लागते. माझी तर सहा वर्षं गेली होती.

दम

कबड्डीत पहिला धडा दमाचा. एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' म्हणत जायचं आणि दम न तोडता परत यायचं. हल्ली ३० सेकंदांचं घड्याळ असतं, पण आमचे सर जुन्या वळणाचे. ते आम्हाला मैदानाच्या कडेनं दम घेऊन चालायला लावायचे, कोणाचा किती टिकतो ते बघायचे. दम तुटला की पोरं हसायची.

दहा वर्षं हे केल्यावर शरीर एक गोष्ट शिकतं: जोर लावायचा तेव्हा श्वास अडवायचा. पळताना मी नेमकं तेच करत होतो. वेग वाढला की खांदे वर, छाती फुगलेली आणि श्वास अडकलेला. मला ते कळतसुद्धा नव्हतं.

श्वास घ्यायची घाई होते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. चढाईत आपण तो साठू देतो, कारण अर्ध्या मिनिटात परत येऊन मोकळं व्हायचं असतं. पळताना परत यायला मध्यरेषा नाही. तिथे तो बाहेर टाकत राहणं हेच काम. म्हणून कबड्डीत दम धरायला शिकतात आणि पळताना तो सोडायला शिकावं लागतं.

यावरूनच पळण्याचा सगळ्यात स्वस्त मीटर मिळतो. पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. 'आज आईनं डब्यात काय दिलं होतं' एवढं वाक्य मध्ये न तुटता बोलता आलं तर वेग बरोबर. दोन-दोन शब्दांत तुटायला लागलं तर तुम्ही संथ वाटेवरून वर गेलात. मनगटावरचं घड्याळ असेल तर बघा, पण '२२० वजा वय' हे सूत्र ढोबळ अंदाज आहे. त्यानुसार माझे जास्तीत जास्त ठोके १९२ यायला हवेत, प्रत्यक्षात माणसामाणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. वाक्याला चार्जिंग लागत नाही.

मग काय झालं

दिवाळीनंतर मी पुण्याला आलो. आठवड्यातून दोनदा फोन व्हायचा. तो वेळ सांगायचा, मी 'अजून दहा सेकंद तोड' म्हणायचो. साधारण चौथ्या आठवड्यात तो म्हणाला, "दादा, नडगी दुखतीय." डांबरी रस्त्यावर, तळ झिजलेल्या बुटांत, रोज पूर्ण वेगानं पळत होता तो. मी काय सांगितलं? "पट्टी बांध. आम्ही घोटा सुजलेला असताना सामने खेळलोय."

त्यानं पट्टी बांधली आणि पळत राहिला. मैदानी चाचणीच्या दिवशी गोळी खाऊन पळाला. सोळाशेला नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ लागला, शंभरलाही पाय उचलेना. त्याची यादी चार गुणांनी हुकली.

नंतर तपासलं तेव्हा कळलं, की नडगीच्या हाडावर ताण आला होता. डॉक्टर म्हणाले, असाच आणखी महिनाभर पळाला असता तर तडा गेला असता. सहा आठवडे पळणं बंद. मी शनिवारी गावी गेलो. काकूनं चहा पुढे ठेवला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "तू सांगितलंस तसंच केलं न्हवं त्यानं?"

मी 'हो' म्हणालो. यापुढे काही बोलण्यासारखं नव्हतंच.

हाडाचा हिशेब वेगळा असतो

त्यानंतर मी वाचायला बसलो. जे कळलं त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही, की शरीराचे सगळे भाग एकाच गतीनं तयार होत नाहीत.

हृदय आणि रक्तपुरवठा लवकर सुधारतो, दोन-तीन आठवड्यांत फरक जाणवतो. स्नायूंना दीड-दोन महिने लागतात. स्नायूला हाडाशी जोडणारे कंडरे आणि खुद्द हाड, यांना कितीतरी महिने. हाडाची तर आणखी एक गंमत आहे. ताण वाढला की शरीर हाडाची डागडुजी काढतं, पण त्यात आधी जुना भाग खरवडून काढला जातो आणि मग नवा भरला जातो. रस्त्याच्या कामासारखंच, आधी खणतात, मग भरतात. ही एक फेरी पूर्ण व्हायला तीन-चार महिने लागतात. म्हणून नव्यानं सराव सुरू केल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, जेव्हा दम वाढलेला असतो आणि हुरूप आलेला असतो, नेमकं तेव्हाच हाड खणलेल्या अवस्थेत असतं. लष्करी प्रशिक्षणात नव्या भरतीच्या जवानांना पहिल्या काही आठवड्यांत अशा दुखापती होतात, हे जगभर माहीत असलेलं आहे. माझ्या भावाची नडगी चौथ्या आठवड्यात दुखायला लागली होती.

आता ओझ्याचा हिशेब करू. पळताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट धक्का येतो. माझं वजन ८७ किलो, म्हणजे १७० ते २६० किलो. मिनिटाला १६० पावलं धरली तर अर्ध्या तासात ४,८००, म्हणजे एकेका पायावर २,४०० धक्के. कबड्डीत धक्के याहून मोठे असतील, पण ते मोजके आणि मऊ मातीवर किंवा मॅटवर. इथे धक्का मध्यम, पण तोच, त्याच जागी, हजारो वेळा.

आणि माजी खेळाडूला इथे जास्त धोका असतो. ज्यानं कधीच खेळ खेळला नाही तो दुखलं की थांबतो. आपल्याला दुखणं ओलांडायची सवय असते. त्या सवयीवर आपण सामने जिंकलेले असतात, तिचा अभिमान असतो. मांड्या जुन्या ताकदीच्या असतात, त्या जोरात ढकलू शकतात. आणि खालचं हाड नवशिक्याचं असतं.

कबड्डीतून काय बरोबर येतं, काय आड येतं

सगळं वाया जात नाही बरं का. एकदा कमावलेली मांड्यांची ताकद नव्यानं कमावण्यापेक्षा लवकर परत येते. शिस्त येते, पहाटे उठण्याची सवय येते, सांगितलेलं ऐकून अंगात उतरवण्याची सवय येते.

आड येणाऱ्या गोष्टी तीन.

पहिली, चवडे. चढाईपटू सतत चवड्यावर असतो, टाच टेकली की पकडला गेला. मी पळतानाही चवड्यावरच पळायचो. शंभर मीटरला ते ठीक. अर्धा तास तसं पळालं की पोटरी आणि टाचेमागचा कंडरा ओरडायला लागतो. यावर 'टाचेवर पळा' असा उलटा हट्ट धरायचा नाही. वेग कमी केला, पावलं आखूड ठेवली, पाऊल शरीराच्या खालीच पडू दिलं, की ते आपोआप सपाट पडायला लागतं.

दुसरी, जुने घोटे. चढाईपटूचा घोटा कोणीतरी धरलेला नाही असं होत नाही. माझा डावा घोटा दोनदा मुरगळलेला. फिजिओथेरपिस्टनं मला भिंतीसमोर उभं केलं, पाऊल भिंतीपासून थोडं मागे, आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लाव म्हणाल्या. उजवा सहज लागला. डाव्या पायाचं पाऊल बरंच पुढे सरकवावं लागलं. म्हणजे घोटा पुरेसा वाकत नाही, आणि जे तो करत नाही ते गुडघा नाहीतर पोटरी करते. ही तपासणी घरी दोन मिनिटांत होते. दोन्ही पायांत ठळक फरक असेल तर पळायला लागण्याआधी कुणाला तरी दाखवा.

तिसरी गोष्ट डोक्यातली. कबड्डीत प्रत्येक चढाईनंतर गुण असतो. शिट्टी वाजते, हात वर होतो, संघातला कोणीतरी पाठीवर थाप मारतो. पळताना यातलं काही नाही. कोणाला बाद करायचं नाही, लोण द्यायचा नाही. मग मन स्वतःच प्रतिस्पर्धी शोधतं. तळजाईच्या टेकडीवर पुढे कोणी दिसला की माझा वेग आपोआप वाढायचा. ते बिचारे सकाळची हवा खायला आलेले असायचे, मी मनात त्यांच्यावर चढाई करत असायचो.

आम्ही काय केलं

त्याचे सहा आठवडे संपले आणि डॉक्टरांनी हळूहळू पळायला हरकत नाही म्हटलं, तेव्हा मी त्याला म्हणालो, आता कार्यक्रम मी आखणार नाही. दोघं मिळून फिजिओला विचारून आखू आणि तू जे करशील तेच मी करणार. तो गावात, मी पुण्यात सहकारनगरला. दोघंही शून्यापासून.

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा:

पहिला-दुसरा आठवडा: १ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं, आठ वेळा.
तिसरा-चौथा: २ मिनिटं पळणं, २ चालणं, सहा वेळा.
पाचवा-सहावा: ३ पळणं, १ चालणं, सहा वेळा.
सातवा-आठवा: ५ पळणं, १ चालणं, पाच वेळा.
नववा-दहावा: १० पळणं, १ चालणं, तीन वेळा.
अकरावा: दहावाच पुन्हा.
बारावा: सलग ३० मिनिटं, बोलता येईल अशा वेगात.

बाकीच्यांतले दोन दिवस ताकदीचे. पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली, बारा-बाराचे तीन संच, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा किंचित वाकवून. एक पाय पुढे ठेवून बैठका. एका कुशीवर कोपर टेकवून अंग सरळ धरणं. आखाड्यात किंवा मैदानात वाढलेल्यांना बैठका नव्या नाहीत, फक्त दोन पायांऐवजी एकेका पायावर भार द्यायचा. कारण पळताना दोन्ही पाय एकदम जमिनीवर कधीच नसतात.

दुखण्यासाठी नियम ठरवला. दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शांत झालं तर चालेल. त्याहून जास्त असेल तर मागच्या आठवड्याचा सराव परत. आणि हाडावर बोटानं दाखवता येईल अशी एक ठरावीक जागा दुखत असेल, लंगडायला होत असेल किंवा रात्री झोपेत ठणकत असेल तर त्या दिवशीच थांबायचं आणि डॉक्टर. नडगीची आतली कड लांबवर दुखणं वेगळं आणि एका टिंबावर दुखणं वेगळं. दुसरं अजिबात अंगावर काढायचं नाही. सुरुवातीला एक्स-रेमध्ये ते दिसत नाही असंही होतं, म्हणून 'एक्स-रे चांगला आलाय' यावर विसंबून पळायचं नाही.

रविवारी आम्ही कानात इअरफोन घालून एकमेकांना फोन लावून पळायचो. तो तिकडे उसाच्या कडेनं, मी इकडे टेकडीवर. गप्पा मारायच्या, एवढंच. पहिल्या काही रविवारी मी कोणातरी पुढच्या माणसाला गाठायला जायचो आणि तिकडून आवाज यायचा, "दादा, तू बोलेनासा झालास. हळू कर."

पहिले पाच आठवडे मला अक्षरशः लाज वाटायची. एक मिनिट पळायचं आणि चालायला लागायचं! ओळखीचं कोणी दिसलं की मी फोन कानाला लावून चालायचो, म्हणजे त्यांना वाटावं की फोनसाठी थांबलोय. सहाव्या आठवड्यात केव्हातरी ते बंद झालं. कधी झालं ते आठवत नाही.

भरतीच्या पोरांसाठी

हा भाग तुमच्यापैकी कुणी तयारी करत असेल तर त्याच्यासाठी. सोळाशेसाठी रोज सोळाशे पूर्ण वेगात मारू नका. आधी दोन-तीन महिने संथ पळून पाया बांधा. या संथ पळण्यात हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, ऊर्जा बनवणारे मायटोकॉन्ड्रिया वाढतात. त्यानंतर आठवड्यातून एकच दिवस वेगाचा. उदाहरणार्थ ४०० मीटर चार वेळा, मध्ये तीन-चार मिनिटं चालत विश्रांती. बाकीचे दिवस गप्पा मारत. डांबरापेक्षा मातीचा रस्ता मिळाला तर तो घ्या. आणि भरतीची तारीख जाहीर झाल्यावर सुरुवात करू नका, कारण हाडाला तारीख कळत नाही.

'वय झालं, आता पळण्यात काय होणार' असंही बरेच जण म्हणतात. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले अविनाश साबळे लष्करात भरती झाल्यावर, विशीत, क्रॉसकंट्रीकडे वळले आणि २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेसचं रौप्यपदक जिंकलं. आपण साबळे होणार नाही, हे मला माहीत आहे. पण ऑक्सिजनची वाट लहानपणीच बांधावी लागते असं नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

आता

मी आता पाच किलोमीटर ३४ मिनिटांत पळतो. टेकडीवर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी माणसं मला मागे टाकतात. वजन ८० वर आलंय, ७४ ला येईल की नाही माहीत नाही. आठवड्यातून एकदा, सगळं पळून झाल्यावर, पंधरा-वीस सेकंदांच्या चार जोरदार धावा मारतो. तेवढ्यापुरतं जुनं अंग परत भेटतं. साताऱ्याला यवतेश्वरच्या घाटात हिल अर्धमॅरेथॉन होते, २१ किलोमीटरची, त्यातला अर्धा रस्ता चढाचा. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या वर्षी बघू असं दोघांनी ठरवलंय.

भावाची नडगी बरी आहे. त्याची सोळाशेची वेळ आधीच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा कमी झालीय. किती ते सांगू नको म्हणालाय, भरती होईपर्यंत. पुढच्या भरतीची तो वाट बघतोय. गेलेलं एक वर्ष मी त्याला परत देऊ शकत नाही, आणि त्याच्या वयाला भरतीची कमाल मर्यादाही आहेच. तो त्याबद्दल कधी बोलत नाही. मागच्या रविवारी मात्र पळता पळता म्हणाला, गावातली तीन नवी पोरं त्याच्याबरोबर यायला लागलीत, आणि पहिल्याच दिवशी सुसाट सुटली. मी विचारलं, मग तू काय केलंस?

म्हणाला, "काय न्हाई. बोलत ऱ्हावा म्हटलं माझ्यासंगं."

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुम्ही दुसरा कुठला खेळ सोडून पळायला लागला असाल, खो-खो, कुस्ती, बॅडमिंटन, काहीही, तर तुमचा कुठला अवयव आधी कुरकुरला ते जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर हळू पळा.